दिवाळीचा सेल, पुराची मदत आणि माझ्या स्टेटसवरचा तो क्यूआर कोड

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, जे इअरफोन घरी विसरलेत, किंवा ज्यांना हे सगळं आईबाबांना वाचायला पाठवायचंय, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना झालेले "अं" आणि "म्हणजे बघा ना" जमेल तेवढे काढलेत. सगळे नाही निघाले, चालवून घ्या.

आजचा विषय सणासुदीतली फसवणूक. आता तुम्ही म्हणाल, "अरे यार, ओटीपी कुणाला सांगू नका, लिंकवर क्लिक करू नका, कॉलर ट्यूनवर ऐकून कान किटलेत." बरोबर आहे. मीही हेच म्हणायचो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलंय, पाच वर्षं नोकरी करतोय, त्यातली दोन वर्षं तर ऑनलाइन दुकानाच्या पेमेंट पेजवर काम केलंय. मला कोण फसवणार?

तर गोष्ट तिथूनच सुरू होते.

माझं स्टेटस

सप्टेंबर २०२५. नवरात्र नुकतंच बसलं होतं आणि मराठवाड्यात, सोलापुरात पावसाने कहर केला होता. सीना नदीला पूर आला होता. परंडा, माढा, मोहोळ ही नावं रोज बातम्यांत. सोयाबीन पाण्याखाली, जनावरं वाहून गेलेली, घरात चिखल. फोन उघडला की तेच दिसायचं आणि आपण इथे पुण्यात बसून नऊ दिवसांचे नऊ रंग पाळतोय याची लाज वाटायची.

अशात कॉलेजच्या एका ग्रुपवर पोस्टर आलं. पाण्यात बुडालेलं गाव, खाली कुठल्याशा सेवाभावी संस्थेचं नाव, "एक कीट ५५० रुपये, एका कुटुंबाचं आठवड्याचं रेशन", आणि क्यूआर कोड. मी स्कॅन केलं. ॲपमध्ये संस्थेचं नाव आलं नाही, एका माणसाचं आलं. मला ते दिसलं, हे मी कबूल करतो. पण मनात म्हटलं, स्वयंसेवक असेल, घाईत स्वतःचं खातं दिलं असेल. ११०० रुपये पाठवले, दोन कीट. आणि तेच पोस्टर स्टेटसला ठेवलं, वर लिहिलं, "मी दिलेत, तुम्हीही द्या."

दुसऱ्या दिवशी परंडा तालुक्यातल्या माझ्या मित्राचा मेसेज आला. "अरे हा फोटो आमच्याकडचा नाहीये. हा २०१९ चा, सांगलीच्या पुराचा आहे." मी फोटो गूगल लेन्समध्ये टाकला. तो खरंच ऑगस्ट २०१९ चा निघाला. पोस्टरवरच्या संस्थेचं नाव शोधलं. कुठेच नाही.

११०० रुपये गेले, ठीक आहे, धडा मिळाला म्हणून सोडून दिले असते. पण त्या संध्याकाळी आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, तुमचं बघून मी पण पाचशे टाकले. माझं माहेर तिकडंच आहे ना."

त्यांना चार घरच्या कामाचे महिन्याला किती मिळतात ते मला माहीत आहे. आणि त्यांनी त्या पोस्टरवर विश्वास ठेवलाच नव्हता. विश्वास ठेवला होता माझ्यावर. इंजिनिअर दादाने टाकलंय म्हणजे बघूनच टाकलं असणार.

मी त्यांना खरं सांगितलं आणि पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी घेतली नाही. फक्त विचारलं, "म्हणजे तिकडं काहीच पोचलं नाही?"

हा एपिसोड मी त्या प्रश्नासाठी करतोय.

सणातच का?

लोक सणात बावळट होतात म्हणून फसवणूक वाढते असं नाही. सणात खोटं आणि खरं एकसारखं दिसायला लागतं, म्हणून वाढते. जरा इंजिनिअरसारखं बघू.

एरवी कुणी म्हणालं की साडेचार हजारांचा मिक्सर दीड हजारात, तर आपण हसू. पण दसरा-दिवाळीला मोठ्या साइटवर खरोखर निम्म्या किमतीत वस्तू असतात. एरवी "तुमचं पार्सल अडकलंय" असा मेसेज आला तर आपण म्हणू, कसलं पार्सल? दिवाळीच्या आठवड्यात घरातल्या चौघांची मिळून सहा पार्सलं रस्त्यात असतात, कुणाचं कुठलं ते कुणालाच माहीत नसतं. एरवी अनोळखी माणसाने वर्गणी मागितली तर आपण चौकशी करू. गणपती-नवरात्रात दारावर पावती पुस्तक येणं हा रिवाजच आहे.

म्हणजे ठगाला फार काही रचावं लागत नाही. तो आपल्या गर्दीत येऊन उभा राहतो, बस. त्यात दोन गोष्टींची भर घालतो, घाई आणि भावना. "ऑफर संपायला ९ मिनिटं" ही घाई. बुडालेलं गाव ही भावना.

आता एक आतली गोष्ट. ते "फक्त २ शिल्लक" आणि उलटं पळणारं घड्याळ असतं ना, ते लिहायला पाच-सहा ओळींचा कोड लागतो. त्या घड्याळाचा गोदामातल्या मालाशी काही संबंध असायलाच हवा असं नाही. पेज पुन्हा उघडून बघा. घड्याळ पुन्हा ९ मिनिटांपासून सुरू झालं, तर तुमच्याशी खोटं बोललं जातंय. पुढचं खरं मानायचं कारण नाही.

बाबांचा मिक्सर

दुसरी गोष्ट आमच्या घरातलीच, त्याच दिवाळीची. माझे बाबा साताऱ्याला असतात, निवृत्त शिक्षक. आईला पाडव्याला मिक्सर द्यायचा असं त्यांच्या मनात होतं, गुपचूप. फेसबुकवर जाहिरात दिसली, नावाजलेल्या कंपनीचा मिक्सर ८९९ रुपयांत. वेबसाइट हुबेहूब. यूपीआयने पैसे भरले. आठ दिवस झाले, मिक्सर नाही.

इथपर्यंत नुकसान ८९९ रुपयांचं. खरी गडबड पुढे झाली, आणि हा भाग नीट लक्ष देऊन वाचा, कारण मोठी रक्कम बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यात जाते.

बाबांनी गूगलवर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला. जो नंबर वर आला त्यावर फोन केला. इंटरनेटवर कुणीही पान बनवून त्यावर "अमुक कंपनी कस्टमर केअर" म्हणून स्वतःचा नंबर लिहू शकतो, हे बाबांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. पलीकडचा माणूस गोड बोलला. "सर, तुमचा रिफंड मंजूर आहे. व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवतो, तेवढा इन्स्टॉल करा."

शब्द बघा, फॉर्म "इन्स्टॉल" करा. फॉर्म भरतात, इन्स्टॉल करत नाहीत. ती एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारं अँड्रॉइड ॲप. उघडताना तिने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, बाबांनी दिली. मग स्क्रीनवर विचारलं, रिफंड कुठल्या कार्डावर हवा? नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. बाबांनी भरले. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. मेसेज आला की ॲप तो परस्पर पुढे पाठवत होतं.

दोन व्यवहारांत ४८ हजार गेले. नशीब एवढंच की खातं जॉइंट आहे आणि बँकेचा मेसेज आईच्या फोनवरही येतो. तिने मला फोन केला. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तिला एकच गोष्ट सांगितली, "फोन ठेव आणि १९३० लाव."

१९३० म्हणजे नक्की काय?

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. आधी तो १५५२६० होता, म्हणून काही जुन्या फॉरवर्डमध्ये तो दिसतो. यामागे केंद्रीय गृह मंत्रालयाची एक यंत्रणा आहे, २०२१ पासून चालू असलेली. तिच्यात पोलिस आणि बँका, वॉलेटवाले वगैरे एकाच साखळीत जोडलेले आहेत.

काम कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे घाई का करायची ते कळेल. चोरलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार खात्यांत, मग एटीएममधून रोख. ही खाती बऱ्याचदा कमिशनवर भाड्याने घेतलेली असतात. तुम्ही १९३० वर व्यवहाराचा तपशील दिला की तो पहिल्या बँकेकडे जातो. पैसे तिथेच असतील तर ती बँक रोखून धरते. पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. म्हणजे ही सरळसरळ शर्यत आहे. चोराचे पैसे पुढे पळतायत आणि तुमची तक्रार मागे धावतेय.

आमच्या बाबतीत आईने वीसेक मिनिटांत फोन केला. पहिली रक्कम तोवर निघून गेली होती. दुसरी, २३,५०० रुपये, वाटेत अडली. ती परत खात्यात यायला पुढे काही महिने आणि पोलिस ठाण्याच्या बऱ्याच फेऱ्या लागल्या, पण आली. ती वीस मिनिटं दोन तास झाली असती, तर हा परिच्छेद वेगळा लिहिला असता.

आणि हो, यात एक मोठा अडथळा असतो, लाज. बाबांना कळलं होतं की काहीतरी चुकलंय. आईला सांगायचं कसं, या विचारात पहिली दहा मिनिटं ते गप्प बसले. तुमच्या घरी आजच सांगून ठेवा, "पैसे गेले तर मी ओरडणार नाही, फक्त लगेच सांगा." आणि मग खरंच ओरडू नका.

यूपीआय आतून कसं दिसतं

चला, थोडं तांत्रिक. कंटाळा येणार नाही, शपथ.

क्यूआर कोड म्हणजे चित्रात लपवलेली एक ओळ. यूपीआयच्या कोडमध्ये कुणाला पैसे द्यायचे तो आयडी असतो, एक नाव असतं, कधी रक्कम असते. ही ओळ कोड बनवणारा स्वतः लिहितो. तो नावाच्या जागी "पूरग्रस्त साहाय्य निधी" लिहू शकतो, त्याला कोण अडवणार?

म्हणूनच एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, २०२५ मध्ये ॲप्सना बजावलं की पैसे पाठवण्याआधी ग्राहकाला बँकेच्या नोंदीतलं खरं नाव दाखवा, कोडमध्ये लिहिलेलं नाव नाही. जून २०२५ च्या अखेरपर्यंत हे लागू करायचं होतं. माझ्या ११०० रुपयांच्या वेळी ही व्यवस्था नीट चालली होती. ॲपने मला खरं नाव दाखवलं. मीच डोळेझाक केली. तंत्रज्ञान काय करणार बिचारं!

तर नियम पहिला. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचा. संस्थेला देताय तर संस्थेचंच नाव आलं पाहिजे. दुकानाला देताय आणि भलत्याच माणसाचं नाव येतंय? छोट्या दुकानात मालकाचं नाव येऊ शकतं, पण मालक समोर गल्ल्यावर बसलेला असतो, विचारता येतं. पोस्टरला विचारता येत नाही.

नियम दुसरा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, किंवा शिल्लक बघण्यासाठी. पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. जुना सोफा विकायला ऑनलाइन टाकला आणि गिऱ्हाईक म्हणालं, "कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील," तर तो तुमचेच पैसे नेतोय. याचा एक भाऊ होता, "रिक्वेस्ट मनी". व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे बरं झालं. पण व्यापारी खात्यांवरून मागणी अजून येऊ शकते, त्यामुळे "पे" असं बटण दिसलं की त्याचा अर्थ द्या असाच आहे, घ्या असा नाही.

नियम तिसरा, आयडीचं स्पेलिंग. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स फंड जाहीर झाला, तेव्हा खऱ्या आयडीत शेवटी एक "एस" होता. लगोलग तो "एस" गाळून खोटा आयडी फिरायला लागला, आणि बँकेला तो बंद करावा लागला. एका अक्षराचा फरक! मदतीचा आयडी फॉरवर्डमधून घेऊच नका. मुख्यमंत्री साहायता निधीला द्यायचंय? त्याच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जा आणि तिथला खातं क्रमांक घ्या.

वेबसाइटचा पत्ता उलटा वाचा

मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. वेबसाइटचा पत्ता मात्र पहिल्या तिरक्या रेघेपासून डावीकडे, उलटा वाचायचा. घराच्या पत्त्यासारखंच समजा, शहर शेवटी असतं. मुख्यमंत्री निधीचा पत्ता आहे "सीएमआरएफ डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन". शेवटी "गव्ह डॉट इन" आहे, म्हणजे हे सरकारी गाव, कारण ते नाव खासगी माणसाला मिळत नाही. आता समजा पत्ता असा आहे, "सीएमआरएफ डॉट महाराष्ट्र डॉट हेल्प डॉट शॉप". सुरुवात तीच, पण गाव "हेल्प डॉट शॉप", आणि ते कुणीही थोड्या पैशांत घेऊ शकतो. पुढे किती का ओळखीचे शब्द लावेना, मालक शेवटचा.

बँकांसाठीही आता वेगळं गाव आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेर "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर यायला सांगितलं. बँकेच्या नावाने लिंक आली तर शेवट बघायची सवय लावा.

आणि ते कुलपाचं चिन्ह? ते दिसलं की साइट खरी, असं आपल्याला कधीतरी कुणीतरी शिकवलंय. विसरा. कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. साइट चोराची असेल तर चोराशी गुप्त बोलणं होतं, एवढंच. ते प्रमाणपत्र फुकट मिळतं, मी स्वतः पाच मिनिटांत घेतलंय.

अनोळखी दुकान असेल तर मी एवढं बघतो:

- साइट कधी जन्माला आली? "हू इज" शोध देणाऱ्या कुठल्याही साइटवर पत्ता टाकला की नोंदणीची तारीख दिसते. "२५ वर्षांचा विश्वास" लिहिणारं दुकान तीन आठवड्यांचं असेल, तर रामराम.
- विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार अधिकारी दिलाय का? ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या नियमांनुसार हे देणं बंधनकारक आहे.
- जीएसटी क्रमांक आहे का? तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. दुकान साड्यांचं आणि नाव भलत्याच कंपनीचं असेल, तर क्रमांक कुठून तरी उचललाय.
- पैसे कसे घेतायत? फक्त यूपीआय, तेही एखाद्या माणसाच्या नावावर, तर नको. क्रेडिट कार्डाने दिलेत तर माल न आल्यास बँकेकडे वाद नोंदवून रक्कम मागता येते. यूपीआय म्हणजे रोख हातात दिल्यासारखं, गेले की गेले.

आणि कस्टमर केअर नंबर? तो कधीही शोधून काढायचा नाही. कंपनीच्या ॲपमधून, बिलावरून किंवा खोक्यावरून घ्यायचा. बाबांचे ४८ हजार याच एका सवयीने वाचले असते.

एक फरक लक्षात ठेवा. दुकान खरं आहे पण माल खराब आला, रिफंड देत नाहीत, तर तो ग्राहक तक्रारीचा विषय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानच खोटं होतं, तर १९३०.

पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे

हा मेसेज टपाल खात्याच्या नावानेही फिरतो. "पत्ता अपुरा, लिंकवर दुरुस्त करा, दोन-पाच रुपये शुल्क भरा." त्यांना ते पाच रुपये नकोच असतात. त्यांना तुमच्या कार्डाचा नंबर हवाय. ज्या ॲपवरून मागवलंय ते ॲप उघडून बघा, पार्सल कुठे आहे ते तिथे दिसतं. लिंकची गरजच नाही.

याचा दुसरा प्रकार जास्त बेरकी आहे. "डिलिव्हरी बॉय" फोन करतो, "सर, कॉल लागत नाही, जरा स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर डायल करा." हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. डायल केलात की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, आणि ओटीपी बोलून सांगणारे कॉलही त्यालाच जातात. चुकून केलं असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

मग दारावरच्या खऱ्या डिलिव्हरीवाल्याला ओटीपी द्यायचा की नाही? बिचाऱ्याशी वाद घालू नका, काही पार्सलांना तो लागतोच. पण तो मेसेज आधी पूर्ण वाचा. त्यात पार्सलबद्दल लिहिलंय की पैशांच्या व्यवहाराबद्दल, हे मेसेजच सांगतो. आपण फक्त सहा आकडे बघतो, अडचण तिथे आहे. आणि कुणीच न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल आलं, तर घरातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शेजाऱ्यांसाठीही परस्पर भरू नका.

मग द्यायचंच नाही का?

द्यायचं. हे मला ठासून सांगायचंय. फसलो म्हणून हात आखडता घेतला, तर नुकसान ठगाचं होत नाही, चिखल उपसणाऱ्या माणसाचं होतं.

दारावर वर्गणी मागायला येणारं मंडळ असेल तर विचारायला संकोच करू नका. ज्या मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नाही, त्याला उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गल्लीतली ओळखीची पोरं असतील तर हसत विचारा, "काय रे, धर्मादायची परवानगी काढली ना?" चांगलं मंडळ अभिमानाने दाखवतं. पावती घ्या, अगदी १०१ रुपयांची असली तरी.

संस्थेला देणार असाल तर तीन गोष्टी बघा. पहिली, तिचा नोंदणी क्रमांक. दुसरी, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर ती सापडते का. तिथे नाव असणं म्हणजे कामाची हमी नव्हे, पण कुठेच नाव नसणं ही मोठी खूण आहे. तिसरी, सगळ्यात सोपी. संस्थेच्या जुन्या कामाचा माग. पूर आल्यावर जन्मलेलं पेज आणि वर्षानुवर्षं त्या भागात काम करणारी संस्था यांतला फरक दहा मिनिटांत कळतो. करसवलतीचं आमिष दाखवून कुणी घाई करत असेल तर हेही लक्षात ठेवा, की नव्या करप्रणालीत देणगीची ती वजावट मिळत नाही. आणि संस्था खरी असूनही पोस्टर खोटं असू शकतं. नाव खऱ्याचं, क्यूआर चोराचा. म्हणून पैसे नेहमी संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून.

एखाद्या आजारी मुलाचा फोटो फिरत असेल तर हॉस्पिटलला फोन लावा, नंबर पोस्टरवरचा नको, स्वतः मिळवलेला. बिलाच्या खात्यात थेट पैसे घेता का विचारा. आणि फोटो गूगल लेन्समध्ये टाकायला अर्धं मिनिट लागतं. मी ते अर्धं मिनिट काढलं नाही.

पैसे गेलेच तर

स्क्रीनशॉट काढून ठेवा असा हा भाग आहे.

१. लगेच १९३०. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि कुठल्या खात्यातून गेले ते हाताशी ठेवा. यूटीआर ॲपच्या हिस्टरीत असतो.
२. बँकेला कळवा, कार्ड ब्लॉक करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या.
३. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण भरा.
४. एपीके इन्स्टॉल झाली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. १९३० चा फोनही दुसऱ्याच फोनवरून.
५. चॅट, नंबर, स्क्रीनशॉट काहीही डिलीट करू नका. रागाच्या भरात ब्लॉक करून सगळं पुसून टाकू नका, तो पुरावा आहे.
६. "तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल" म्हणणारा फोन येईल. तो त्याच टोळीचा किंवा तिच्या चुलतभावाचा समजा. १९३० फी घेत नाही.

पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला असेल, तर संचार साथी पोर्टलवर "चक्षू" नावाची सोय आहे, तिथे कळवता येतं. दोन मिनिटांचं काम. पुढच्या कुणाच्या तरी बाबांना उपयोग होईल.

शेवटी

त्या स्टेटसबद्दल मी बराच विचार केला. आपल्याला वाटतं फॉरवर्ड करणं म्हणजे फुकटची मदत, एक बटण दाबलं की झालं. पण तुमच्या घरात, चाळीत, गावात तुम्ही "फोनमधलं कळणारे" असता. तुम्ही पुढे पाठवलेल्या गोष्टीवर तुमची सही असते. ठगाला माझे ११०० मिळाले ते सोडा. त्याला माझी सही फुकट मिळाली.

मी तेव्हा स्टेटस काढलं, आणि त्याच जागी दुसरं टाकलं, "कालचं पोस्टर खोटं होतं, मी न तपासता टाकलं, कुणी पैसे पाठवले असतील तर १९३० वर कळवा." टाकताना कान गरम झाले होते. त्यावर अजून दोघांचे मेसेज आले. त्यांनीही पाठवले होते.

मावशींनी पाचशे घेतले नाहीत ते नाहीतच. मग आम्ही दोघांनी मिळून एक केलं. त्यांच्या माहेरच्या गावातल्या शाळेच्या मास्तरांना त्यांनी फोन लावला, मुलांना काय हवंय ते विचारलं, आणि वह्या-दप्तरं पाठवली. पोचल्याचा फोटो आला. त्यात कुठलीही संस्था नव्हती, क्यूआर नव्हता, फक्त ओळखीचा माणूस होता.

परवा त्या काम आटोपून निघताना थांबल्या आणि फोन पुढे केला. "दादा, हे साडीचं आलंय, सहाशेला तीन पैठण्या. खरं असंल का?" मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "पत्ता शेवटून वाचला. मला तर खोटंच वाटतंय."

तर मंडळी, एपिसोड ऐकून झाला, वाचूनही झाला. आता एकच काम करा. फोनमध्ये १९३० सेव्ह करा, तुमच्या आणि आईबाबांच्याही. तुम्हाला आलेला एखादा नवा प्रकार असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. फराळ जपून खा, फटाके जपून उडवा, आणि पिन टाकण्याआधी ते नाव तेवढं मोठ्याने वाचा. भेटू पुढच्या आठवड्यात!